समुद्राजवळच्या घरात बाहेर ठेवायला लोखंडी टेबल-खुर्च्या घ्याव्यात का? पावडर कोटिंग असेल तर गंज लागणार नाही ना?

लागेल. पावडर कोटिंग म्हणजे कोरड्या पुडीचा, भट्टीत भाजून बसवलेला रंग. त्यामुळे गंज उशिरा येतो एवढंच, समुद्राजवळ साध्या लोखंडाला ते पुरत नाही. आमचा चार खुर्च्यांचा सेट छपराखाली होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षी एक खुर्ची सरकवताना, पायाला आडवी पट्टी वेल्ड केलेली असते ना, तिथे रंगाखाली वाटाण्याएवढा फुगवटा दिसला. नखाने दाबला तर पोपडा सुटला आणि आत ओला, तपकिरी चुरा. खुर्ची उलटी केली, तर बैठकीची खालची बाजू सगळी तशीच. वरून मात्र ती नवीकोरी दिसत होती.

छपराखाली असूनही असं झालं, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. खरं तर ती छपराखाली होती म्हणूनच झालं. खाऱ्या वाऱ्याने मीठ सगळीकडेच बसतं. उघड्यावरचं पाऊस धुऊन नेतो, आडोशाचं साठत जातं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलं राहतं. म्हणजे पावसाचा थेंब न पडताही लोखंडावर खारट ओल टिकून असते.

म्हणून माझं सांगणं असं, की धातूचं नाव विचारण्याआधी खुर्ची उलटी करून बघा. सांधे, स्क्रूची भोकं, पाइपची तोंडं. पोकळ पायात पाणी शिरलं आणि खाली निघायला भोक नसलं, तर पाय आतून सडतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

धातूंमध्ये मी पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम घेईन. त्याला तांबडा गंज येत नाही. मिठाने बारीक खड्डे पडतात, पांढरी पूड येते, पण खुर्ची मोडत नाही. फक्त स्क्रू बघा. स्टीलचा स्क्रू थेट अॅल्युमिनियममध्ये घातला, की खाऱ्या ओलीत दोघांची बॅटरी तयार होते आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. मध्ये नायलॉनचा वॉशर असला तर बराच फरक पडतो.

स्टेनलेस स्टील घेणार असाल तर 316 ग्रेडच मागा. त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू 2 ते 3 टक्के असतो, त्यामुळे हे स्टील मिठापुढे तग धरतं. 304 या दुसऱ्या ग्रेडवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग लवकर पडतात. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, कारण दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही, तेव्हा ग्रेड बिलावर लिहून घ्या. गुळगुळीत पॉलिश निवडा, रेघारेघांच्या फिनिशमध्ये मीठ अडकून बसतं. लोखंडच हवं असेल तर आधी गरम जस्तात बुडवून काढलेलं आणि त्यावर पावडर कोटिंग, असं दुहेरी बघा. ओरखडा पडला तर आधी जस्त झिजतं, लोखंड काही काळ वाचतं.

काहीही घेतलंत तरी दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा, खालच्या बाजूने आधी. तारेच्या घासणीने घासू नका, तिचे लोखंडी कण रुतून बसतात आणि तिथेच गंज धरतो.

फुगवटे आधीच आले असतील तर वरून नुसता रंग मारू नका, मीठ आत कोंडलं जातं आणि काही महिन्यांत पोपडा परत उठतो. चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी जस्ताचा प्रायमर लावा. दुसऱ्या दिवसावर ठेवलंत तर रात्रीतून पुन्हा मीठ बसलेलं असतं.