सरळ केसांचं शेपूट कधी कापायचं?

या महिन्यात केसांचे प्रश्न इतके आलेत की त्वचेवाल्यांना पुढच्या अंकात बसवते, रागावू नका. स्मूदनिंग, रिबॉन्डिंग (म्हणजे पार्लरमध्ये क्रीम लावून केस कायमचे सरळ करणं) करून दमलेल्या आणि आता आपल्या मूळच्या कुरळ्या केसांकडे परत निघालेल्या सगळ्याजणी जणू ठरवून एकाच आठवड्यात लिहायला बसल्या. त्यातले चार घेतलेत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण तो निम्म्या पत्रांमध्ये होता.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, चिंचवडला राहते. माझे केस मूळचे चांगलेच कुरळे, शाळेत मला सगळे साईबाबा म्हणायचे. कॉलेज संपल्यावर पहिल्यांदा स्मूदनिंग केलं आणि मग दर दीड-दोन वर्षांनी करत गेले, एकूण चार वेळा. मग केस इतके तुटायला लागले की म्हटलं आता बास. नऊ महिने झाले, काहीच केलेलं नाही. पण आता वर कुरळे फुगलेले आणि खाली काड्यांसारखे सरळ असं झालंय, सासूबाई म्हणतात उलटा धरलेला झाडू. पार्लरवाली म्हणते एकदा केराटिन करून घे, केस रिपेअर होतील आणि खालचे कर्ल्सपण परत येतील. खरंच येतात का? डिसेंबरमध्ये दिराचं लग्न आहे.

उत्तर : नाही येत गं. आधी हे वाईट ऐकून घे म्हणजे पुढचे पैसे वाचतील.

स्मूदनिंगमध्ये काय होतं ते बघ. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन, आणि त्याला आकार देणारे जे मजबूत बंध असतात ना, ते ती उग्र वासाची क्रीम तोडते, बऱ्याचदा तिच्यात अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. मग केस धुऊन, वाळवून, बट-बट घेऊन प्रेसिंग करतात, म्हणजे गरम इस्त्रीने दाबतात, आणि शेवटी न्यूट्रलायझर लावून ते बंध त्या सरळ आकारातच परत जोडून टाकतात. म्हणून तर तीन दिवस पाणी नाही, केस कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत असं बजावून पाठवतात. म्हणजे खालचा जो सरळ भाग आहे तो कायमचा सरळ. केस ही जिवंत वस्तू नाही, डोक्याच्या बाहेर आला की त्याला कुठलं तेल, कुठला मास्क, कुठलं बॉन्ड रिपेअर (तुटलेले बंध जोडतो म्हणून विकतात ते) 'आठवण' करून देऊ शकत नाही. या गोष्टींनी तुटणं थोडं कमी होईल, स्पर्श बरा लागेल, इतकंच. कुरळं जे येणार ते मुळातूनच येणार.

आणि केराटिन ट्रीटमेंट या नावावर जाऊ नकोस, ती केस सरळ करायचीच ट्रीटमेंट आहे, तीन-चार महिन्यांत उतरते एवढाच फरक, आणि तीही पुन्हा २०० डिग्रीच्या आसपासच्या प्रेसिंगवर. बऱ्याच प्रॉडक्ट्समधून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं, ते चालू असताना डोळे चुरचुरतात ना, ते त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी जी संस्था आहे तिने फॉर्माल्डिहाइडला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. मग 'फॉर्माल्डिहाइड फ्री' म्हणून ग्लायऑक्सिलिक ॲसिडवाली क्रीम्स आली, तर २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या बाईची केस छापली (मेडिकल केस, आपले केस नव्हे), तिने तीन वेळा स्ट्रेटनिंग केलं आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली, क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. सगळ्यांना असं होतं असं नाही, पण ज्या केसांना तू नऊ महिने सोडवत आणलंयस त्यांच्यावर आता हे कशाला.

आता हिशोब कर. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर, म्हणजे अर्धा इंच वाढतात. तुझे नऊ महिने म्हणजे साडेचार इंच तुझे स्वतःचे. दिसायला ते दोन-अडीच इंचच दिसत असतील कारण कर्ल आखडतो, एक बट ओली करून हळूच ओढून बघ, तुलाच आश्चर्य वाटेल. जिथे कुरळं संपतं आणि सरळ सुरू होतं ना, बोट फिरवलं तरी कळतं, तो जोड सगळ्यात कच्चा. तुटतात ते तिथेच. म्हणून दोनच रस्ते, एक तर हिंमत करून सगळं शेपूट एकदम कापायचं, नाहीतर दर दोन महिन्यांनी दीड-दोन इंच कापत जायचं आणि मधल्या काळात तो जोड सांभाळायचा. साडेचार इंच म्हणजे वळून कानापर्यंतच येतील, ते चालणार असेल तर कापून मोकळी हो. नसेल तर आणखी सहा-आठ महिने कळ काढ, लाज कसली त्यात.

मी स्वतः दुसऱ्या रस्त्याने गेले, दोन वर्षं लागली. दोनदा स्मूदनिंग केलेलं, दुसऱ्या वेळी पुण्यातल्या एका पार्लरमध्ये क्रीम लावून ती मुलगी फोनवर बोलत बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही, आणि नंतर प्रेसिंग करताना कानाच्या वरची एक बट सरळ तिच्या हातात आली. तिने ती गुपचूप नॅपकिनखाली सरकवली. समोर आरसा असतो हे विसरली बिचारी. तरी मी बिल भरून, वर थँक्यू म्हणून बाहेर आले. सरळ केसांसाठी आपण काय काय गिळतो.

कापताना एकच बघ, केस कोरडे आणि कर्ल सुटे असताना कापणारी किंवा कापणारा शोध. ओले करून, ताणून, सरळ रेषेत कापले की वाळल्यावर एक बाजू वर एक खाली. आणि 'थोडं थिनिंग करू का', म्हणजे मधले केस कापून विरळ करू का, असं म्हटलं की नाही म्हणायचं.

धुण्याचं म्हणशील तर आदल्या रात्री किंवा तासभर आधी खोबरेल तेल, जास्त करून त्या जोडावर आणि टोकांना. आजीचा उपाय म्हणून नाही सांगत, खोबरेल केसांत शिरून प्रोटीन झिजणं कमी करतं, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल तसं करत नाहीत असं २००३ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. अभ्यास मॅरिकोच्याच लोकांचा, म्हणजे तेल विकणाऱ्यांचाच, पण मला तरी अनुभव तोच आहे. मग सौम्य शॅम्पू, तो फक्त टाळूला. नंतर कंडिशनर, आणि इथे कंजूषपणा करायचा नाही, ओंजळभर घे, पाणी टपकत असतानाच लाव आणि बोटांनी गुंता सोडव, मग मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून वर. कोरड्या केसांत फणी घालायची नाही, कधीच नाही. केस पूर्ण ओले असतानाच जेल लावून मुठीत घेऊन वर दाबायचे आणि टॉवेलऐवजी जुना सुती पंचा. आजोबांचा पंचा हे कर्लवाल्यांसाठी काय भारी फडकं आहे हे आजोबांना कधी कळलंच नाही. वाळेपर्यंत हात लावायचा नाही, वाळल्यावर केस कडक, पापडासारखे होतील, घाबरू नकोस, तळहाताला दोन थेंब तेल चोळून ते चुरून टाक, आत मऊ कर्ल निघतो. झोपताना उशीला सॅटिनचा अभ्रा.

तुझ्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार धरून काढणारं रसायन) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा, शॅम्पू वापर, जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात आणि मग कितीही महागडं प्रॉडक्ट घाल, केस आपले खरखरीत.

राहिलं दिराचं लग्न. वर कुरळे आणि खाली सरळ हे लपवायला अंबाड्याइतकं सोपं काही नाही, सरळ शेपूट आत गुंडाळायचं, पुढच्या दोन बटा मोकळ्या, वरून मोगऱ्याचा गजरा. सासूबाईंना तोच गजरा माळायला सांग, झाडूचा विषय तिथेच मिटेल.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे, रत्नागिरीत शाळेत जाते. केस माझ्यासारखेच कुरळे. वर्गात तिला मॅगी म्हणतात म्हणून रोज रडते, सरळ करून दे म्हणते. मी स्वतः बारा वर्षं रिबॉन्डिंग करतेय. मुलांसाठी काही माइल्ड स्ट्रेटनिंग असतं का?

उत्तर : या वयात कुठलंच केमिकल नको, माइल्ड असं लिहिलेलंसुद्धा नको. टाळू कोवळी असते आणि एकदा सुरू केलं की दर सहा महिन्यांनी मुळाशी पुन्हा तेच, हे तुमच्याइतकं कोणाला माहितीय. मला वाटतं ती जितकी मॅगीवरून रडते त्याहून जास्त सकाळच्या वेणीवरून रडत असेल. कोरड्या केसांतून फणी ओढत, घड्याळाकडे बघत दोन वेण्या घालतो आपण, माझ्या आईनेही तेच केलं, माझे डोळे तिरके व्हायचे इतक्या घट्ट. रविवारी भरपूर कंडिशनर लावून गुंता सोडवा, रोज सकाळी पाण्याचा स्प्रे आणि थोडा कंडिशनर, वेण्या सैल. शाळेला दोन वेण्या हव्यात, कपाळ ताणायला हवं असं कुठे लिहिलंय. वर्गातल्या चिडवण्याचं बाईंशी बोला. आणि एक विचारते, रागवू नका, तिच्यासारखेच केस असलेली तिची आई तिने कधी पाहिलीच नाहीये, हो ना?

प्रश्न : स्मूदनिंगनंतर सहा आठवड्यांनी केस पुंजक्याने जातायत, नाशिकहून लिहितेय, वय ३४. आधी सगळे म्हणायचे कुरळे केस दाट दिसतात, आता टक्कल पडेल असं वाटतंय. कुरळ्यावर परत गेले तर थांबेल का?

उत्तर : आधी गेलेला केस उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून गळलाय, ठिपका नसेल आणि लांबी कमी-जास्त असेल तर तो मधेच तुटलाय. तुटणं क्रीमचं आणि प्रेसिंगचं, त्याला कापणं आणि जपणं हाच उपाय. मुळातून पुंजक्याने जात असतील तर कारण वेगळंही असू शकतं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप, बाळंतपण, थायरॉइड, लोह कमी असणं, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि स्मूदनिंग कधी केलं ते लपवू नका. टाळूला आग, खपल्या किंवा फोड असतील तर आजच जा, घरगुती काही लावत बसू नका. परत सरळ करणं तूर्तास पूर्ण बंद.

प्रश्न : मी नागपूरची, रिबॉन्डिंग सोडून वर्ष झालं, कर्ल्स मस्त येतायत. तुमच्या जुन्या अंकातली जवसाची जेल करून बघितली पण ती गाळताच येईना, चाळणीला चिकटून बसली. जी थोडी निघाली ती बाथरूममध्ये ठेवली, आठवड्यात विचित्र वास यायला लागला. काय चुकलं?

उत्तर : दोन्ही चुका मी केल्यात. दोन मोठे चमचे जवस आणि दीड-दोन कप पाणी, मध्यम आचेवर सतत ढवळत सात-आठ मिनिटं, आणि चमचा वर उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार लोंबली की लगेच गॅस बंद. गरम असतानाच पातळ मलमलमधून किंवा जुन्या धुतलेल्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायचं, गार झाली की ती जवसाला सोडत नाही, मग तुम्ही कितीही पिळा. यात काही प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, म्हणून फ्रिजमध्येच आणि आठवडाभरच, नागपूरच्या उन्हाळ्यात बाथरूममध्ये तर दोन दिवसांत तिचं कालवण होणार. जास्त झाली तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एका धुण्याला दोन क्यूब. आणि जवसाची अख्खी पिशवी आणली असेल तर निम्मी बाजूला काढा, भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून चटणी होते, ती पण संपत नाही लवकर.