कोजागरी पुढे ढकलली जात नाही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर, धीर सोडू नकोस, यश मिळेल, असले काही मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि तसे फलक तुझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवर पुष्कळ असतील. मला लिहायचे आहे ते तू शेवटी जाता जाता जे लिहून गेलास त्याबद्दल. कोजागरीच्या रात्री वहिनींनी आश्विनीसाठी, म्हणजे थोरल्याच्या औक्षणासाठी, व्हिडिओ कॉल लावला, आणि ‘उद्या सराव परीक्षा आहे, हे सगळे पोस्ट निघाल्यावर, सरकारी पदावर निवड झाल्यावर करू’ असे म्हणून तू फोन ठेवलास. आता मला विचारतोस की, निकाल लागेपर्यंत मनाला असे कुलूप लावून ठेवणे योग्य आहे की नाही.

योग्य नाही. परीक्षेची तारीख पुढे जाते, निकाल लांबतो, नियुक्तीपत्र त्याहून लांबते. कोजागरी मात्र आश्विनातल्या पौर्णिमेलाच येते आणि एका रात्रीत संपते. जे पुढे ढकलता येत नाही ते आधी, आणि जे सरकार स्वतःच पुढे ढकलते ते नंतर, एवढा साधा क्रम तुझ्यासारख्या हुशार मुलाला समजावून सांगावा लागतो याचा मला राग येतो.

तू घरातला थोरला. थोरल्या अपत्याला ओवाळण्याची ही एकच रात्र असते. पाटावर बसलेला मुलगा समोर नाही म्हणून त्या माउलीने तबक घेऊन फोनलाच ओवाळायचे ठरवले, यातली गंमत तुला दिसली नाही, याचे मला फोन ठेवल्यापेक्षा जास्त वाईट वाटले. अरे, पडद्यावर कुंकवाचे बोट टेकताच तो कॉल बहुधा आपोआप बंद पडला असता, तुमची दोघांची हसून पुरेवाट झाली असती, आणि तुझी सराव परीक्षा फार तर पाच मिनिटांनी मागे पडली असती. ती पाच मिनिटे वाचवून तू काय वाचलेस, हे तुला आज आठवते का?

शरद हा मुळीच लाडावलेला ऋतू नाही, हे मी आधीच मान्य करतो. आभाळ मोकळे झालेले असते, जमीन अजून ओली असते, त्यामुळे वरून ऊन आणि खालून वाफ अशा दोन्हीकडून माणूस शिजतो. पित्त खवळते, घरोघरी ताप येतो. शरद ही वैद्यांची आई, असे आपल्या पूर्वजांनी संस्कृतात म्हणून ठेवले आहे, कारण वैद्यांच्या पोटाची काळजी ती वाहते. पण या तापट दिवसांतही जे मिळते ते तेव्हाच मिळते, आणि ते घ्यायला मुद्दाम वेळ काढावा लागत नाही, फक्त मान वर करावी लागते.

उद्या दुपारी चारच्या सुमारास अभ्यासिकेच्या गच्चीवर जा. पिवळसर रंगाचे चतुर हवेत घिरट्या घालताना दिसतील. पावसाळी डबक्यांत वाढलेला हा किडा बोटाच्या लांबीचाही नसतो, आणि तरी वारा ईशान्येकडून वाहू लागला की यांचे थवे समुद्रावर निघतात. ऑक्टोबरात ते मालदीव बेटांवर उतरतात आणि तिथून पुढे पूर्व आफ्रिकेच्या दिशेने जातात, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. मालदीवमध्ये गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, म्हणजे ते तिथले असूच शकत नाहीत, यावरून ते दुरून येत असावेत हा तर्क निघाला. ‘पर्यावरण’ या घटकावर यातून प्रश्न येईल का, असे तू विचारशील. बहुधा येणार नाही. म्हणूनच पाहा. ज्यातून गुण मिळत नाहीत असे काहीतरी रोज एक पाहायचे आणि ते लगेच कोणाला तरी सांगायचे, हा माझा हट्ट आहे, आणि तो मी कोणाच्याही वेळापत्रकासाठी सोडलेला नाही.

पुण्यात सध्या सासवडकडची सीताफळे गाड्यांवर आली असतील. एक फोड आणि खा. ते फळ मांडीवर पुस्तक ठेवून खाता येत नाही. दोन्ही हात बरबटतात, तोंडात बिया घोळतात, आणि अर्धा तास तरी माणूस कोणत्याही उपयुक्त कामासाठी निकामी होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाशी तू वर्षभर बोलला नाहीस असे लिहितोस, त्याला अर्धे दे आणि कोणाच्या वाट्याला बिया जास्त येतात याची पैज लाव.

तू म्हणशील, काकांना हे सांगायला काय जाते, ते तर तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणूनच निवृत्त झाले. खरे आहे. मला नायब तहसीलदारपदी बढती मिळत होती, ती मी नाकारली. नकाराच्या अर्जात मी ‘कौटुंबिक अडचण’ असे लिहिले, कारण ‘शरद ऋतू’ हे कारण कोणत्याही शासन निर्णयात बसत नाही. बदली दुसऱ्या जिल्ह्यात होती. इथे दारात पारिजातक होता, मुलींचा भोंडला होता, त्यात रोज खिरापत ओळखण्याचा जो गोंधळ व्हायचा त्यात मला घ्यायच्या मुली, कारण मी हटकून चुकायचो आणि त्यांना हसायला मिळायचे. माझ्याबरोबरचे दोघे तहसीलदार होऊन निवृत्त झाले आणि त्यांचे निवृत्तिवेतन माझ्यापेक्षा चांगले बसते. आमच्या घरात हा विषय दर दिवाळीच्या खरेदीला निघतो. मला काहीच खंत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण तोच अर्ज पुन्हा समोर ठेवलास तर मी पुन्हा तेच कारण लिहीन, आणि अक्षरही तेवढेच ठाम असेल. यावर तुझ्या वडिलांशी माझा जुना वाद आहे, तो इथे नको.

तुला अधिकारी व्हायचे आहे, म्हणून आमच्या कचेरीतली एक गोष्ट सांगतो. ऑक्टोबर म्हणजे परतीच्या पावसाचा आणि म्हणून पंचनाम्यांचा महिना. कचेरीच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, ‘साहेब, पंचनामा लवकर करा, सोयाबीनला शेंगेतच मोड आलेत, उशीर केलात तर उसळ करून घेऊन येईन.’ सारा व्हरांडा हसला. ज्याचे पीक गेले तो विनोद करत होता आणि ज्यांचा पगार पहिल्या तारखेला ठरलेला ते आम्ही कपाळाला आठ्या घालून बसलो होतो. त्यानंतर मदतीच्या याद्या करताना प्रत्येकाचा खाते क्रमांक पासबुकाशी ताडून पाहण्याचा नेम मी निवृत्त होईपर्यंत पाळला, कारण एक आकडा चुकला की अनुदान अडकते आणि तो माणूस एसटीचे भाडे भरून पुन्हा खेपा घालतो. याला दयाळूपणा म्हणावे की कारकुनी, ते तू ठरव. खुर्ची मिळाल्यावर समोरचा माणूस दिसू लागतो, असे मी कोठेही पाहिलेले नाही. ज्याला तो खुर्चीआधी दिसतो त्यालाच नंतर दिसतो. आज आईचा फोन ठेवून देणारा मुलगा उद्या त्या व्हरांड्यात आला तर काय करील, हा प्रश्न मी तुला विचारतो आहे, आणि तो मुलाखतीच्या मंडळापुढचा नाही.

तुझ्या वडिलांचे सोयाबीनही या पावसात भिजले आहे. तुला सांगितले नसेल. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून घरच्यांनीही सगळे पुढे ढकलण्याची तुझीच रीत उचललेली दिसते. आज संध्याकाळी फोन कर. पौर्णिमा गेली, ती आता मागू नकोस, आणि माफीचे भाषणही करू नकोस. कोजागरीचे दूध आटवताना उतू गेले का, एवढे वहिनींना विचार; दरवर्षी जाते आणि दरवर्षी त्या ते नाकारतात. मग वडिलांना विचार की किती काढले, किती वाळले, आणि ते सांगतील तितका वेळ ऐक. मध्येच हमीभावावर तयार उत्तर देऊ नकोस.

दसऱ्याला कोणाला आपट्याचे पान दिलेस का, हे विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकतात, आणि आमच्या कचेरीत तीच देऊन घेऊन वर्षाचे अबोले सुटत असत. पान खोटे म्हणून कोणाचा समेट अडला नाही. तुझा दसरा गेला, दिवाळी राहिली आहे. तुझी खानावळ त्या दिवसांत बंद असते, आणि तुझ्या खोलीवरची दोन मुले भाड्याच्या पैशांअभावी गावी जात नाहीत, असे तूच मागे लिहिले होतेस. वहिनी चकल्या करतीलच. मागे राहिलेल्या दोघांसाठी वेगळा डबा आधीच मागवून घे, आणि तो जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या हाती दे, परत आल्यावर उरलेला नको.

आणि एक काम. धाकट्या नातवाला अंगणात किल्ला करायचा आहे, आणि इथल्या दुकानातले हळीव जुने निघाले, उगवतच नाही. येताना मंडईतून पावशेर आण. ते किल्ल्यावर हिरवे दिसायला चार-पाच दिवस आधी पेरावे लागते, तेव्हा वसुबारसेच्या आदल्या दिवशी इथे पोचलास तर उशीर झाला असे समज.

तुझा,
काका