सगळं टाइपच करायचं आहे, तर शाळेत हस्ताक्षर कशाला शिकवायचं?

तुमचा पुतण्या गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. रोज पानभर लिहितो. मोठेपणी तो टाइप करणार, नाहीतर मोबाईलला बोलून लिहून घेणार, मग हाच वेळ कॉम्प्युटरला का देऊ नये, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात पहिली-दुसरीचे वर्ग घेते, तेव्हा हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच आहे. मला ठामपणे वाटतं की या वयात मुलाचं हाताने लिहिणं बंद केलं, तर त्याचं वाचन अडकतं. अक्षर वळणदार आहे की नाही, ही त्यापुढे फार किरकोळ गोष्ट आहे.

मराठीचंच बघा. पहिलीतली मुलं घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत हमखास गोंधळतात. ‘धार’ला ‘घार’ वाचतात, ‘भान’ला ‘मान’. मोठ्यांना वाटतं की लक्ष नाही. पण या जोड्यांमधला फरक केवढासा आहे ते पाहा: ध ची सुरुवात डाव्या बाजूच्या छोट्या गाठीने होते आणि वरची रेघ त्या गाठीपर्यंत जात नाही. घ ला गाठ नाही आणि रेघ सलग जाते. भ-म आणि थ-य यांतही हेच. पुस्तकाच्या पानावर डोळ्याला ही गाठ निसटते. मुलीने मला वही दाखवून विचारावं, “मॅडम, हे घ हाय का ध?” मी उत्तर देत नाही, तिला फळ्यावर दोन्ही काढायला सांगते. ध काढताना हाताला आधी वळसा घ्यावाच लागतो, घ काढताना घ्यावा लागत नाही. दोन्ही मोठ्ठी काढली, मग पाटीवर, मग वहीत, की आठवड्याभरात वाचतानाही ती अडखळत नाही. गाठ कुठे आहे हे तिच्या हाताला कळलेलं असतं.

कीबोर्डवर हे होत नाही. तिथे कोणतंही अक्षर दाबा, बोटाची हालचाल एकच. शिवाय आपल्याकडे बहुतेक लोक इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात. म्हणजे ‘घर’ लिहायला मूल आधी जी आणि एच शोधणार. ज्याला अजून घ येत नाही त्याने इंग्रजी अक्षरांच्या वाटेने घ पर्यंत पोचायचं, हा उलटा प्रवास आहे.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणारी पाच वर्षांची मुलं घेतली. त्यांनी काही अक्षरं मोकळ्या हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कीबोर्डवर दाबली. नंतर तीच अक्षरं बघताना मुलांच्या मेंदूत काय घडतं ते स्कॅन करून पाहिलं. वाचनाशी संबंधित भाग ठळकपणे जागा झाला तो मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी. गिरवणं आणि टाइप करणं दोन्ही त्यात मागे पडले. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे गिरवण्याबद्दलचं. मुलाने स्वतः काढलेलं क दर वेळी वेगळं येतं, कधी पोट मोठं, कधी शेपूट लांब, आणि तरी ते क च असतं हे त्याला उमजत जातं. ठिपक्यांवरून नेलेल्या पेन्सिलीला हा शोध लागत नाही. बाजारात ठिपक्यांची अक्षरं छापलेल्या वह्या मिळतात आणि पालक हौसेने घेऊन देतात. दोन-चार दिवस त्या ठीक आहेत. पुढे कोरी पाटी बरी.

2014 सालचा कॉलेजच्या मुलांवरचा एक अभ्यासही लोक नेहमी सांगतात, की लॅपटॉपपेक्षा हाताने नोट्स काढणाऱ्यांना विषय जास्त समजतो. तो प्रयोग इतरांनी पुन्हा केला तेव्हा निकाल तितके ठाम आले नाहीत, म्हणून मी त्याच्यावर भर देत नाही. माझं म्हणणं लिहा-वाचायला शिकणाऱ्या लहान मुलांपुरतं आहे.

आणखी एक, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते “फिनलंडने हस्ताक्षर बंद केलं” हे अर्धवट आहे. तिथे 2016 च्या अभ्यासक्रमात रोमन अक्षरं एकमेकांना जोडून लिहायच्या वळणाची, म्हणजे कर्सिव्हची सक्ती काढली, सुटी अक्षरं हाताने लिहायला शिकवतातच. उलट कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदा करून पहिली ते सहावीला हेच कर्सिव्ह लिखाण पुन्हा आणलं.

आता आमच्या भागाबद्दल सांगते, कारण तुमच्या प्रश्नात “खेड्यातल्या मुलांना तर कॉम्प्युटरचीच जास्त गरज” असं एक वाक्य आहे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते 1 डिसेंबर 2021 ला. मधल्या काळात अभ्यास मोबाईलवर येत होता. घरात मोबाईल एक, तो सकाळी बापासोबत वावरात. जी मुलं पहिली न बघताच दुसरीत येऊन बसली, ती पेन्सिल मुठीत धरत होती, चार शब्द लिहिले की हात झटकत होती. अक्षर राहू द्या, बोटांतच जोर नव्हता. तेव्हा वह्या बाजूला ठेवून तुरीच्या शेंगा सोलायला दिल्या, मातीचे बैल करायला लावले, व्हरांड्यात खडूने लांबलचक रेघा आणि गोल काढून घेतले. मग तीन बोटांची पकड आली, मग ‘ग म भ न’. अ-आ-इ च्या आधी आम्ही ही अक्षरं घेतो, कारण काना आणि साधी वळणं यांवर हात लवकर बसतो.

बोलून टाइप करण्याचं म्हणाल, तर मोबाईलला पुस्तकातली मराठी कळते. आमची मुलं ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ बोलतात. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून येणाऱ्या मुलांची घरची भाषा कोलामी, तिच्यासाठी मोबाईलमध्ये सोयच नाही. पण देवनागरी हातात आली की ते मूल कोलामी शब्दही वहीत उतरवतं. आजी कोणत्या झाडाला काय म्हणते, हे असं लिहून आणलेलं मी वर्गात वाचून घेते. त्या दिवशी त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. हातात लिपी असेल तर कोणतीही भाषा लिहिता येते, त्यासाठी कोणा कंपनीने ती भाषा मोबाईलमध्ये घालायची वाट बघावी लागत नाही.

मोठेपणीचं कामही इथे सगळं ऑनलाइन झालेलं नाही. ग्रामसभेला द्यायचा अर्ज, बँकेची पैसे काढायची स्लिप, बचत गटाचं रजिस्टर, हे हातानेच चालतं. गटात दहा-बारा बायका असतात आणि नीट लिहिता येणारी बहुधा एकच. हप्ता कोणी भरला, कर्ज कोणाकडे किती, सगळं तिच्या अक्षरात. ती आठ दिवस माहेरी गेली तर हिशेब थांबतो. सेतू केंद्रात फॉर्म ऑनलाइन भरतात हे खरं, पण भरतो ऑपरेटर. जो माणूस स्वतःच्या हाताने नाव, गट नंबर, क्षेत्र कागदावर लिहून नेतो तो स्क्रीनवरचं ताडून बघतो. बाकीचे “भरला का भाऊ?” विचारून पैसे देऊन येतात.

आणि दहावीचा बोर्डाचा पेपर अजून कागदावरच आहे. मराठीची लेखी परीक्षा 80 गुणांची, वेळ तीन तास. ज्याचं अर्धं डोकं वेलांटी कुठे द्यायची यात गुंततं, त्याचा उत्तर येत असूनही पेपर अपुरा राहतो. चौथीतला मुलगा पोळ्याबद्दल तोंडी तासभर सांगेल, बैलाच्या झुलीपासून तोरण तुटण्यापर्यंत, आणि निबंध लिही म्हटलं की तीन ओळींत संपवतो. त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, हात मागे राहतो. हात न बघता चालायला लागला की मन विषयात राहतं. म्हणून मला अक्षराच्या सौंदर्यापेक्षा वेगाची आणि सुटसुटीतपणाची जास्त काळजी असते.

आता तुमच्या बाजूचंही बोलायला हवं. पानभर लिहिणं म्हणजे काय, यावर सगळं अवलंबून आहे. तोच धडा उतरवून काढायचा असेल, किंवा चुकलेला शब्द शिक्षा म्हणून पन्नास वेळा लिहायचा असेल, तर तुमचा राग मला पूर्ण पटतो. पाचव्या ओळीनंतर मूल अक्षर बघतच नाही, आधी सगळे काने ओढतं, मग सगळ्या रेघा. असं लिहून घेण्याने मुलं लिहिण्याचा द्वेष करायला शिकतात. रोज वीस मिनिटं पुरतात: थोडा वेळ एक-दोन अक्षरांवर, आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या मनातली दोन वाक्यं, मग ती ‘मले ताप आला होता’ अशी का असेनात. डावखुऱ्या मुलाला डाव्या हातानेच लिहू द्यावं. खेड्यात अजून पेन्सिल ओढून उजव्या हातात देणारे आहेत, ते थांबलंच पाहिजे. आणि काही मुलं अशी असतात की कितीही सराव केला तरी लिहिणं त्यांना जाचतंच. त्यांच्यासाठी टाइप करणं हा मोठा आधार आहे, तो नाकारू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांची सवलत मिळते.

टायपिंग शिकवाच, चौथी-पाचवीपासून, अक्षरं पक्की झाल्यावर. तेही इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या कीबोर्डच्या मांडणीवर, जिथे स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. वर्णमाला येणाऱ्या मुलाला तो फार लवकर जमतो आणि इंग्रजी अक्षरांच्या आडवाटेने जावं लागत नाही.

दिवाळीत गावी जाल तेव्हा पुतण्याची वही बघा, पण अक्षर चांगलं की वाईट हे बघू नका. रोज उतरवून काढलेलंच आहे की कुठे त्याचं स्वतःचं वाक्यही आहे, ते बघा. त्याला ‘धार’, ‘घार’, ‘भार’, ‘मार’ वाचायला द्या. पाच मिनिटं लिहिल्यावर हात दुखतो का विचारा, पेन्सिल कशी धरतो ते पाहा. पकड चुकीची असेल तर जाड पेन्सिलीचा छोटा तुकडा द्या, बोटं आपोआप पुढे येतात. आणि एवढ्यावरही लिहिताना तो रडकुंडीला येत असेल, तर त्याच्या सरांना सांगून तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवा. त्याचे पैसे लागत नाहीत.