लंडनच्या पहिल्या भुयारी रेल्वेला वाफेची इंजिनं होती, मग धूर जायचा कुठे?

बराचसा बोगद्यातच राहायचा. पकडली जायची ती फक्त वाफ. 10 जानेवारी 1863 ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही सुमारे 6 किलोमीटरची मेट्रोपॉलिटन रेल्वे सुरू झाली. बोगद्यात शिरताना ड्रायव्हर झडप फिरवून सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्याऐवजी बाजूच्या पाण्याच्या टाक्यांत सोडायचा. तिथे ती थंड होऊन तिचं पाणी व्हायचं.

खरी गोची पुढे होती. भट्टीला हवेची ओढ मिळते ती धुराड्यातून जोरात सुटणाऱ्या वाफेमुळेच. ती वळवली की आग मंदावते. शिवाय टाकीतलं पाणी तापलं की वाफेचं पाणी होणं कमी होतं, म्हणून गरम पाणी काढून गार भरावं लागे. धूर कमी व्हावा म्हणून आधी कोक (भाजून धूर काढलेला दगडी कोळसा) जाळत, पण त्याचा विषारी वायू दिसत नसला तरी घातकच. नंतर कमी धुराचा वेल्श (वेल्समधला) कोळसा आला.

थोडी सुटका बोगद्यांमधल्या, वरून उघड्या खंदकांमुळे व्हायची; तिथे धूर बाहेर पडे. लंडनच्या लेन्स्टर गार्डन्स या रस्त्यावरची 23 आणि 24 नंबरची ‘घरं’ म्हणजे अशाच एका खंदकापुढची नुसती भिंत, खिडक्या रंगवलेल्या!

हे सगळं उथळ बोगद्यांपुरतं. 1890 ची खोल बोगद्यातली रेल्वे, म्हणजे ‘ट्यूब’, पहिल्यापासून विजेवरच धावली.