'कुणाला सांगू नकोस' म्हणालीय, मग मी काय करू?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. थोडक्यात असा: रूममेट आणि तिचा बॉयफ्रेंड एकाच वर्गात, एकाच प्रॅक्टिकल बॅचमध्ये. वर्षभराचं नातं. तीन आठवड्यांपूर्वी मित्राच्या फ्लॅटवर त्यानं जबरदस्ती केली. तिनं बोलणं तोडल्यापासून तो हॉस्टेलच्या गेटबाहेर गाडी लावून उभा राहतो, फोटो टाकीन म्हणतो. ती मेसला येत नाही, प्रॅक्टिकल बुडवते. तुला सरळ प्राचार्यांकडे जावंसं वाटतंय, आणि ती म्हणते, कुणाला सांगितलंस तर मी सामान घेऊन गावी जाईन. गप्प बसले तर मीही त्यात सामील होते का, असं तू विचारलंयस.

नाही होत. मी नाशिकमधल्या दोन कॉलेजांच्या लैंगिक छळाच्या तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते. वयानं तुझ्या आईएवढी असेन, म्हणून अगंतुगं करतेय.

आधी माझी चूक सांगते. रेक्टर असताना पेठकडची एक मुलगी रात्री माझ्या खोलीत येऊन असंच काहीसं सांगून रडली. घरी कळवू नका म्हणाली. मी मान डोलावली आणि सकाळी तिच्या वडिलांना फोन लावला. मला वाटलं, मी जबाबदार माणसासारखी वागले. दुसऱ्या दिवशी वडील आणि मामा आले, तिची पत्र्याची पेटी उचलली आणि दुपारच्या एसटीनं तिला घेऊन गेले. तिचं हॉल तिकीट कितीतरी दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. त्या मुलाचं काय झालं? काही नाही. त्यानं परीक्षा दिली.

तेव्हापासून मी 'तक्रार का करत नाहीस' हे विचारणं सोडलं. 'कशाची भीती वाटते' हे विचारते. सुरगाणा, कळवण, नंदुरबार अशा लांबच्या गावांहून आलेल्या मुलीचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: शिक्षण बंद होईल. कोर्टाची भीती त्यानंतर येते, त्या मुलाची तर त्याहून नंतर. तुझ्या मैत्रिणीची भीती कोणती, हे तुला माहीत आहे का? तुझ्या प्रश्नात ते कुठेच आलेलं नाही.

तिच्या बाबतीत एकदा तिच्या मनाविरुद्ध झालेलं आहे. आता तू, मी, रेक्टर, प्राचार्य, सगळ्यांनी मिळून 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून तिच्या मनाविरुद्ध दुसरी गोष्ट करायची नाही. तुझं काम तिच्यासमोरच्या वाटा उघड्या ठेवायचं. कुठल्या वाटेनं जायचं, कधी जायचं, की जायचंच नाही, हे ती ठरवेल.

याला दोन अपवाद आहेत आणि ते तिला आधीच सांगून ठेव, नंतर पाठीमागून करू नकोस. एक, ती अठराच्या आत असेल तर. सेकंड इयरला बहुतेक मुली अठरा ओलांडलेल्या असतात, पण दहावीनंतर डिप्लोमाला आलेली असेल तर वय बघ. अठराच्या आत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो आणि माहीत असूनही न कळवणं हाच गुन्हा ठरतो. दुसरा, जिवाचं काही बोलू लागली तर. 'मी नसलेलं बरं' हे वाक्य ऐकलंस तर वचन-बिचन विसर, तिला एकटी सोडू नकोस, रेक्टरला उठव. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आता दवाखाना. तीन आठवडे झाले म्हणजे तातडीच्या गर्भनिरोधक गोळीची आणि एचआयव्हीविरोधी औषधाची वेळ गेली. ते औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. इतर कुणी वाचत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. पण म्हणून दवाखान्यात जाण्यात अर्थ नाही असं नाही. पाळी चुकली आहे का ते विचार. दिवस गेले असतील तर अविवाहित सज्ञान मुलीला गर्भपाताचा अधिकार आहे, तिची एकटीची संमती पुरते, आईवडिलांची सही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये विवाहित-अविवाहित हा भेदही काढून टाकलाय. तरी काउंटरवर 'मिस्टर आलेत का' असं विचारतात. तू सोबत जा आणि उत्तर तू दे.

त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला गेलात किंवा खासगीत गेलात, लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर उपचार मोफत करणं दोघांनाही बंधनकारक आहे. 'आधी एफआयआर आणा' म्हणता येत नाही. एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही: अत्याचाराचं सांगितलं की पोलिसांना कळवणं रुग्णालयावर बंधन असतं. पोलीस आले तरी जबाब द्यायचा की नाही हे तिनं ठरवायचं, आणि नकार दिला तर तसं कागदावर लिहून घेतात. हे तिला रिक्षात बसायच्या आधी माहीत हवं. दवाखान्यात अचानक खाकी दिसली आणि तिला वाटलं तूच बोलावलीस, तर ती पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही.

फोटोंचं काम आजच करण्यासारखं आहे. त्याच्या धमकीचे मेसेज डिलीट करू नका, ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. फोटो काढताना ती 'हो' म्हणाली असेल म्हणून तिला अपराधी वाटत असणार. कायदा याबाबत स्पष्ट आहे: काढायला संमती दिली म्हणजे पसरवायला दिली असं होत नाही, तो वेगळा गुन्हा आहे. फोटो तिच्याकडे असतील तर स्टॉपएनसीआयआय या साइटवर त्यांचा डिजिटल ठसा तयार करता येतो. फोटो मोबाइलमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या ठिकाणी तो चढवायचा प्रयत्न झाला तर अडवतात. फोटो बाहेर पडलाच तर १९३० वर सायबर तक्रार. आणि तू स्वतः 'पुरावा' म्हणून ते फोटो कुणालाही पाठवू नकोस, अगदी मला सुद्धा.

आता कॉलेजची समिती. तुमच्याकडे अजून 'विशाखा समिती'च म्हणत असतील. एका मुलीनं मला विचारलं होतं, विशाखा मॅडम कुठल्या केबिनमध्ये बसतात? विशाखा हे राजस्थानातल्या एका संस्थेचं नाव. बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला, त्यातून ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९७ चा निकाल आला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्यावर उभा राहिला. कॉलेजांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे विनियम आहेत, ते मुद्दाम शोधून वाच, कारण ते बऱ्याच प्राध्यापकांनीही वाचलेले नसतात. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असायला हवेत. प्राचार्य, विभागप्रमुख यांनी समितीत बसायचं नाही. म्हणून तुझी प्राचार्यांकडे धावायची इच्छा मला फारशी पटत नाही. प्राचार्य भले असतीलही, पण त्यांच्या केबिनमध्ये शिपाई असतो, क्लार्क असतो, आणि संध्याकाळपर्यंत कॉलेज रोडच्या टपरीवर गोष्ट पोचते.

तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन वाढवू शकते. म्हणजे तिच्याकडे वेळ आहे. घाई करू नका, पण तारखा मात्र लिहून ठेवा: कुठल्या दिवशी गेटवर, किती वाजता, कुणी पाहिलं.

समितीत पहिला अडथळा येतो तो असा: 'फ्लॅटवर झालं ना, ते आमच्या हद्दीत नाही.' मी स्वतः बैठकीत यावर भांडलेली आहे, दर वेळी जिंकले असं म्हणणार नाही. म्हणून अर्जात फ्लॅटवरच्या घटनेसोबत गेटबाहेरचं उभं राहणं, लॅबमधलं पुटपुटणं, मेसेज, हे सगळं येऊ दे. कॅम्पसवर रोज घडणारं समितीला झटकता येत नाही.

चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, पण तिला आज सकाळची प्रॅक्टिकल बॅच सतावतेय. त्यासाठी अंतरिम उपाय असतात आणि ते लेखी मागावे लागतात. त्यानं तिच्यापासून लांब राहावं, बॅच बदलावी. यावर 'तिला दुसऱ्या बॅचला टाकू' हे उत्तर ठरलेलं असतं, कारण ते सोपं असतं. बदलायची तर त्याची बॅच बदला. ती मागे पडली तर टर्मवर्क तिचं जातं, सबमिशन तिचं राहतं, आणि वर्गात चर्चाही तिचीच होते. 'मिटवून घ्या' म्हणून कुणी दोघांना समोरासमोर बसवायला लागलं तर उठून या. समेटाची प्रक्रिया फक्त तिनं मागितली तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच. (या तरतुदीबद्दल माझं मत फार वाईट आहे, पण ते पुन्हा कधीतरी.)

समिती म्हणजे कोर्ट नव्हे. ती त्याला निलंबित करण्याची, काढून टाकण्याची शिफारस करू शकते, तुरुंगात घालू शकत नाही. पोलिसांचा रस्ता वेगळा, आणि दोन्ही रस्ते एकाच वेळी चालतात. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाची हे नंतर ठरतं. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा. लिहून झालं की सही करण्याआधी ओळ न ओळ वाचायला सांग. प्रेमसंबंधातला बलात्कार म्हटलं की 'लग्नाचे आमिष दाखवून' हे वाक्य आपोआप कागदावर उतरतं, असं मी पाहिलंय. मुलीनं लग्नाचा शब्दही काढलेला नसतो. पण ते वाक्य गेलं की जबरदस्तीची केस फसवणुकीची होते. तिनं म्हटलं नसेल तर खोडायला लावायचं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. वकील हवा असेल तर जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. गुन्हा नोंदला गेला तर अत्याचार झालेल्यांसाठीच्या सरकारी मनोधैर्य योजनेच्या मदतीची चौकशीही तिथेच करायची. आणि तो गेटवर आडवा आलाच तर वाट बघू नका, ११२ फिरवा.

आता तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं. 'ती त्याच्यासोबत स्वतःहून फ्लॅटवर गेली होती, ओरडलीही नाही, तर ऐकतील का?' हाच प्रश्न देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये अत्याचार झालेल्या मथुरा या आदिवासी मुलीबाबत विचारला गेला. अंगावर खुणा नाहीत, विरोध दिसत नाही, म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. आज कायद्यात स्पष्ट लिहिलंय की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, आणि संमती त्या विशिष्ट कृतीसाठी असावी लागते. फ्लॅटवर जायला दिलेली संमती फ्लॅटवर जाण्यापुरती. मागच्या वर्षभरात काय होतं, याचा इथे काही संबंध नाही. तू तिच्यासमोर हा प्रश्न विचारला नसशील अशी आशा करते. विचारला असशील तर सरळ माफी माग, सारवासारव करू नकोस.

खाली कॉमेंटमध्ये एका मुलानं 'आणि मुलांवर झालं तर?' असं विचारलंय. टोमणा असेल तर सोडून देते. खरंच विचारत असशील बाबा, तर २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी असला तरी यूजीसीचे विनियम मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही यात सापडतात हे मान्य करतात. समितीच्या दारात ये.

कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी 'न्याय द्या' म्हणून स्टोरी टाकायच्या आधी त्याला थांबव. तिची ओळख पटेल असं काहीही छापणं, टाकणं हा गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

रोज रात्री तिला 'काय ठरवलंस' विचारू नकोस. मेसमधून ताट वर आण. सिटीलिंक बसनं सोमेश्वरला घेऊन जा, विषय काढू नकोस. प्रॅक्टिकलला ती जाणार असेल तर दारापर्यंत सोबत जा. तुझं स्वतःचंही कुणाशी तरी बोलणं होऊ दे, नाव न घेता.

तूर्त एकच काम कर. समितीची नावं लावलेला फलक कॉलेजात असायलाच हवा. उद्या जाता-येता त्याचा फोटो काढ, कुणी विचारलं तर प्रोजेक्टसाठी म्हण. अध्यक्षबाई अजून नोकरीत आहेत का, बाहेरच्या सदस्याचं नाव तरी आहे का, ते बघ. निवृत्त झालेल्यांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिलेली मी पाहिली आहेत. काय दिसतं ते मला निरोपात कळव. तिचं नाव नको, कॉलेजचंही नको.