तिला बरं वाटतंय, तर वेग का वाढवता?

"ताई, मी सगळं करतो. तोंडानेसुद्धा. तरी तिचं होत नाही. माझं कुठे चुकतंय?"

राजेंद्र नगरातून आलेलं जोडपं, लग्नाला पाच वर्षं झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ती शेजारी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न पूर्वी माझ्याकडे यायचा तो बायकांच्या तोंडून, कुजबुजत. आता नवरे विचारतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

नेमकं काय करतोस, म्हणून विचारलं. त्याचा सगळा भर जीभ योनीच्या आत नेण्यावर होता. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. आतले ओठ वर जिथे मिळतात तिथे, त्वचेच्या घडीखाली शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, असते. डोळ्यांना दिसतो तो नुसता शेंडा. बाकीचा भाग आत, योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन सर्जनबाईंनी ही रचना १९९८ साली सविस्तर मांडली, म्हणजे अगदी अलीकडेच. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथले मज्जातंतू मोजले, ते १०,००० हून जास्त भरले.

"म्हणूनच एकदम तिथे जीभ लागली की झणका बसतो," ती पहिल्यांदाच बोलली. त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं.

अगदी बरोबर. आधी मांड्या, बाहेरचे ओठ, भरपूर वेळ घेऊन. मग त्वचेच्या घडीवरूनच, जीभ सैल आणि पसरट ठेवून. टोकदार, ताठ जीभ बहुतेकींना टोचते.

मग मी तिला म्हटलं, तुला हवा तो वेग आणि दाब त्याच्या तळहातावर बोटाने काढून दाखव. तिने संथ, एकसारखी छोटी वर्तुळं काढली. आता तू तिच्या हातावर काढ. पाच-सहा वर्तुळं नीट जमली. तिने डोळे मिटले, आणि याचं बोट लगेच भराभर फिरायला लागलं.

"बघ! तू दर वेळी असंच करतोस."

ही चूक मला इतक्या घरांत दिसते! तिचा श्वास बदलला, मांड्या ताणल्या गेल्या की पुरुषाला वाटतं, आता जोर लावायचा. तेव्हाच काहीही बदलू नये. तोच वेग, तोच दाब, तीच जागा.

तिचीही एक अडचण निघाली. वासाने त्याला किळस येत असेल या भीतीने ती "पुरे" म्हणून मोकळी व्हायची. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की भागतं. आत साबण किंवा सुगंधी वॉश नको, योनी स्वतःला स्वच्छ ठेवते. थोडा वास असतोच. माशासारखा उग्र वास किंवा खाज असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि त्याच्या ओठावर तापाचे फोड असतील तेव्हा हे करायचं नाही, त्या फोडांचा विषाणू, हर्पीस, खाली लागू शकतो.

तीन आठवड्यांनी दोघं परत आली. त्यांनी एक खूण ठरवली होती: तिने खांद्यावर दोनदा थोपटलं की "असंच चालू दे".

"फक्त दाढीचे खुंट टोचतात ताई, तेवढं सांगा ना त्याला."

"तूच सांग की," मी म्हटलं. तिने त्याच्याकडे वळून सांगितलं.