अठ्ठावीस हजारांचा अर्धा तास

प्रश्न : मी नाशिकमध्ये घरूनच बिल्डर आणि आर्किटेक्टसाठी थ्रीडी वॉकथ्रू बनवतो. मशीन २०२० चं आहे : रायझन ७ ३७००एक्स, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम. रेंडरिंग (मॉडेलवरून व्हिडिओच्या फ्रेम तयार करणं) सगळं प्रोसेसरवर होतं, महिन्यातल्या बारा-एक रात्री आठ-आठ तास. मित्र म्हणतो ओव्हरक्लॉक कर, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळव, फुकटात वेग मिळेल. त्यासाठी लिक्विड कूलर, ८५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि हवेशीर कॅबिनेट मिळून २८,००० रुपये लागतील. कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय मिळतोय. महिन्याची कमाई सरासरी ६५,००० आहे, घरखर्च ३८,०००, एफडीत १,१०,०००. एका बिल्डरकडे ५५,००० रुपये चार महिन्यांपासून अडकलेत. दुकानदार ५९५०एक्स हा सोळा कोअरचा (काम करणाऱ्या सोळा स्वतंत्र भागांचा) प्रोसेसर ३४,००० ला देतो आणि जुना ६,००० ला घेतो म्हणतो. काय करू?

उत्तर : आधी ‘फुकटात’ म्हणायचं आणि लगेच अठ्ठावीस हजारांची यादी हातात द्यायची! तुमचा मित्र विक्री खात्यात शोभला असता. पण त्याची चेष्टा बाजूला ठेवू, कारण तुम्ही आकडे नीट दिले आहेत आणि हिशेब आकड्यांवरच होतो.

तुमच्या चिपचे, म्हणजे प्रोसेसरचे, आठही कोअर एकदम राबतात तेव्हा ती आपणहून ४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. हाताने ताणली तर ४.२, फार तर ४.३. म्हणजे पाच ते सात टक्के. आठ तासांचं रेंडर साडेसात तासांत होईल. रात्री अकराला लावलेलं काम सकाळी सातऐवजी साडेसहाला संपेल, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही झोपलेले असाल. तो अर्धा तास कोणता बिल्डर विकत घेणार आहे?

शिवाय या अर्ध्या तासाची किंमत वेगळ्याच खिशातून जाते. सगळे कोअर एका वेगावर बांधून टाकले की एकट्या कोअरला मिळणारी ४.४ गिगाहर्ट्झपर्यंतची उसळी बंद होते. दिवसा मॉडेलिंग करताना, व्ह्यूपोर्ट (मॉडेल दिसतं ती खिडकी) फिरवताना बहुतेक भार एकाच कोअरवर असतो. तुम्ही खुर्चीत बसलेले असता तेव्हाच मशीन किंचित मंद, आणि झोपलेले असता तेव्हा किंचित जलद. हा सौदा मला तरी उलटा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात. वेग ५ टक्के वाढवायला व्होल्टेज १० टक्के वाढवावं लागलं, तर वीज १.०५ × १.१ × १.१, म्हणजे जवळपास २७ टक्के जास्त. बिलाची चिंता करू नका, तुमच्या वापरात ते महिन्याला तीनेक युनिट होईल. चिंता उष्णतेची आहे. गेम खेळणाऱ्याचा प्रोसेसर मधूनमधून श्वास घेतो, तुमचा आठ तास धापा टाकत असतो. या चिपची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे आणि कूलर कितीही भारी असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत अर्धा तास टेस्ट लावून ‘स्टेबल’ ठरवलेलं सेटिंग एप्रिलमधल्या बंद खोलीत टिकेलच असं नाही.

आणि नाही टिकलं तर? समजा रात्री एकला मशीन बंद पडलं. तोवरच्या फ्रेम सेव्ह झालेल्या असतील, पण एक ते सात हे सहा तास गेले. रोजचा अर्धा तास वाचवून ते भरून काढायला बारा रात्री लागतील. म्हणजे तुमच्या हिशेबाने अख्खा महिना. महिन्यातून एकदा जरी असं झालं तरी फायदा शून्य, वर दुसऱ्या दिवशी क्लायंटला तोंड द्यायचं ते वेगळंच.

चिप जळेल, अशी भीती मी घालणार नाही. आजकालचे प्रोसेसर तापले की वेग उतरवतात, नाहीतर बंद होतात. पण जास्त व्होल्टेज हळूहळू चिप झिजवतं हे खरं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरचं २०२४ मध्ये जे झालं ते आठवा. तिथे तर वापरणाऱ्याने काही न करताही चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेत होत्या आणि कायमच्या अस्थिर होत होत्या. कंपनीला मायक्रोकोड (चिपमधला मूळ प्रोग्रॅम) बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तुमच्या २०२० च्या प्रोसेसरची वॉरंटी तशीही संपली आहे, त्यामुळे तो मुद्दा तुम्हाला लागू नाही. नवा घेतलात तर मात्र लागू होईल, ओव्हरक्लॉकिंगचं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल दोनच वाक्यं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं आहे. व्याज सूट म्हणून वळतं करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा तुमच्याच माथी येते.

आता दुकानदाराचा प्रस्ताव. ३४,००० वजा ६,०००, म्हणजे तेच २८,०००. योगायोग चांगला आहे, तुलना सोपी झाली. तितक्याच पैशांत आठाचे सोळा कोअर होतात आणि तेही नव्या पिढीचे. वर सांगितलेला व्होल्टेजचा वर्ग इथे तुमच्या बाजूने काम करतो : थोडे कोअर पळवण्यापेक्षा जास्त कोअर सावकाश चालवणं स्वस्त पडतं. ५९५०एक्स पूर्ण जोरात १४२ वॉटपर्यंत जातो, तुमचा सध्याचा ८८ वॉटपर्यंत. पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायची सोय, लावला तर नवाही ८८ वॉटमध्येच राहतो आणि तरीही रेंडरिंगमध्ये दीडपटीहून जास्त काम काढतो. सगळेच बी४५० बोर्ड सारखे नसतात, पॉवर सेक्शन (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) कमकुवत असेल तर इको मोडच बरा. बायोस अपडेट मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करून घ्या.

पण पैसे वसूल कधी होतील? रात्रीचे तास मी धरतच नाही. दिवसा तुम्ही टेस्ट रेंडर काढता आणि त्याकडे बघत बसता, तो वेळ खरा. रोज असे दोन तास जात असतील तर त्यातले पाऊण तास वाचतील. महिन्याचे २२ दिवस म्हणजे साडेसोळा तास. तुमच्या कमाईवरून मी तासाला ४०० रुपये धरले, ते ६,६०० होतात. वाचलेला सगळाच वेळ कामात जात नाही (माझा तरी चहात जातो), म्हणून निम्मे, ३,३००. साधारण साडेआठ महिन्यांत वसूल. पण हे दोन तास माझा अंदाज आहे. एक आठवडा वहीत लिहा, मशीनपुढे नुसतं बसून किती मिनिटं गेली. ती रोजची अर्ध्या तासाच्या आत असतील तर हा प्रोसेसरही घेऊ नका.

आणि घेतलात तरी एफडी मोडून नाही. १,१०,००० म्हणजे तुमचा तीन महिन्यांचाही घरखर्च नाही. ज्याचे क्लायंट चार-चार महिने पैसे देत नाहीत, त्याला सहा महिन्यांची तजवीज हवी, म्हणजे सव्वादोन लाखांच्या पुढे.

म्हणून पैसे तिकडून काढा जिथे ते अडकलेत. तुम्ही उद्यम नोंदणी (लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) केली आहे का? ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट बिल्डरला त्या वर्षी आयकरात मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. मार्चमध्ये त्याच्या सीएला हे वाक्य ऐकवलं की फोन उचलले जातात. नोंदणी आधीच्या बिलाला उपयोगी पडेलच असं नाही, त्या ५५,००० साठी साधा पाठपुरावाच करावा लागेल. पुढच्या प्रत्येक बिलावर मात्र उद्यम क्रमांक छापा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. एखादं काम फारच घाईचं असेल तर ऑनलाइन रेंडर फार्मवर (पैसे घेऊन रेंडर करून देणाऱ्या सेवेवर) टाका आणि तो खर्च कोटेशनमध्येच धरा.

ते ५५,००० आले की त्यातले २८,००० प्रोसेसरला, उरलेले एफडीत. तोवर फक्त कॅबिनेट उघडून धूळ काढा आणि थर्मल पेस्ट नवी लावा, पाच वर्षांची जुनी एव्हाना सुकलेली असेल. आणि रॅमचा वेग बघा. तुमचा प्रोसेसर ३२०० ला अधिकृतपणे चालतो, पण एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू करायला विसरल्यामुळे ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालवणारे पुष्कळ भेटतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर तो आकडा दिसतो.